वरचा पाव

जगात झाकलेलं म्हणून जे जे काही आहे, त्या सगळ्याशी माझ्या मामेसासऱ्यांचं उभ्या जन्माचं वैर आहे. आणि या वैराचा सगळ्यात जास्त ताप या पृथ्वीतलावर कोणाला झाला असेल, तर तो मला. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर वाचणाऱ्याने मनाला लावून घेऊ नये. मामेसासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा. राहणार निरगुडसर, वय पंच्याहत्तरीच्या अलीकडे-पलीकडे, डोक्याला टोपी, तोंडात सुपारी आणि बोट दुसऱ्याच्या ताटात. सुनेने मामेसासऱ्यांविषयी असं लिहू नये, हे मलाही कळतं. पण मी घरातली पहिली पदवीधर आहे, माहेरचीही आणि सासरचीही. बी.कॉम.च्या तीन वर्षांत जे शिकले त्यातलं बाकी सगळं विसरले, तरी एवढं राहिलं, की जे झालं ते झालं तसं मांडावं.

त्यांच्या घरात एकाही डब्याला झाकण नाही. साखर उघडी, डाळ उघडी, शेंगदाणे उघडे. मामी म्हणतात, "आमच्या घरी माणसांपरीस मुंग्याच जास्त जेवून जातात." मामांच्या मोटारसायकलीच्या दोन्ही बाजूंचे पत्रे त्यांनी घेतल्या महिन्यातच काढून ठेवले, "चालताना आतलं दिसलं पायजे, न्हाई तर गाडी आपल्याला न्हेती का आपुन गाडीला, ह्ये कळायचं कसं?" मोबाईलचं मागचं झाकण काढलेलं, बॅटरीला रबर लावलेलं. कुकरशी तर त्यांचं बोलणंच नाही. मी लग्न होऊन आले त्या वर्षी त्यांना कुकरमधला भात वाढला, तर ताट बाजूला सारून म्हणाले, "आत काय चाललंय ते बाईला कळत न्हाई, माणसाला कळत न्हाई. त्यो मेला शिट्टी मारून सांगणार आन आपुन इस्वास ठेवायचा! पातेल्यात कर." नवी सून होते, केला पातेल्यात. एका लग्नात तर त्यांनी आहेराचे खोके स्टेजवर नवरानवरीच्या देखत उघडायला घेतले. तीन भिंतीवरची घड्याळं निघाली. तिन्हींची वेळ वेगवेगळी होती. मामांनी ती नवऱ्या मुलाच्या पायाशी ओळीने मांडली आणि मंडपाला विचारलं, "आता मुहूर्त कंच्या घड्याळानं धरायचा, राव?" भटजी हसले, पण वधूपिता अजून आमच्याकडे येत नाहीत.

पण मामांची खरी ख्याती बेल्ह्याच्या बैलबाजारात. बैल घ्यायचा म्हटलं की आंबेगाव आणि जुन्नर दोन्हीकडचे लोक पूर्वी त्यांना टेम्पोत पुढे बसवून न्यायचे. बैलाकडे ते बघतच नसत. आधी दोन बोटांनी ओठ वर करणार, दात मोजणार, मग बैल बघणार. म्हाताऱ्या बैलाची शिंगं घासून, अंगाला तेल चोपडून कोणी तो तरणा म्हणून उभा केला असेल, तर मामा भर बाजारात त्याचं वय सांगत, लाऊडस्पीकर लागायचा नाही. सख्ख्या साडूच्या बैलाचंही त्यांनी असंच सांगितलं होतं. साडू पाच वर्षं बोलला नाही. मामा म्हणाले, "त्यो बोलत न्हाई त्ये दिसतंय तरी. गोड बोलून राग मनात ठेवला असता, तर मला कळलं असतं का?" बाजारात दलाल भाव ठरवताना दोघांच्या हातांवर उपरणं टाकतात आणि आतल्या आत बोटं दाबून आकडा सांगतात, बघणाऱ्याला काही कळत नाही. ही चाल कैक पिढ्यांची. मामांनी एकदा ते उपरणंच ओढून घेतलं. तेव्हापासून मामा दिसले, की वावटळ दिसल्यासारखे दलाल उपरणं सावरतात.

अशा माणसाच्या भाच्याच्या बायकोने सँडविचचा धंदा काढावा, हा माझ्या नशिबाचा भाग. वारूळवाडीत, ज्या कॉलेजच्या गेटातून मी पदवी घेऊन बाहेर पडले, त्याच गेटासमोर माझं सँडविच सेंटर आहे. आमच्या भावकीतल्या बायका त्याला 'गाडी' म्हणतात. "एवढं शिकली आन गाडी लावली." म्हणू देत. गाडीला चाकं असतात. माझ्या सेंटरला चार लोखंडी पाय आहेत, वर पत्रा आहे, दोन बाकडी आहेत, आणि ग्रिलचं मशीन मी स्वतः पुण्याहून पारखून आणलं आहे. साधं, टोस्ट आणि ग्रिल, तीनच प्रकार. पोरांना एसटी धरायची असते. एका हातात बॅग, एका हातात सँडविच, आणि पळत सुटायचं. हे बंद सँडविचनेच जमतं. ज्याने कोणी दोन पावांच्या मध्ये भाजी दाबायची युक्ती काढली, तो माणूस एसटीने जाणारा असला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

मामा पहिल्यांदा सेंटरवर आले, तो दिवस मला दाढदुखीसारखा आठवतो. बाकड्यावर बसले. मी कौतुकाने छान खरपूस ग्रिल करून समोर ठेवलं.

"सूनबाई, ह्ये काय?"

"सँडविच, मामा."

"आत काय हाय?"

"काकडी, टोमॅटो, बटाटा, कांदा, बीट, चटणी."

"दिसत न्हाई त्ये."

"आत आहे म्हणून दिसत नाही."

"मंग हाय कशावरून?"

तीन वर्षांच्या शिक्षणात असला प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मामांनी अंगठा आणि पहिलं बोट लावून, अगदी बैलाचा ओठ उचलावा तसा वरचा पाव उचलला, मान तिरकी करून आत पाहिलं, चकत्या मोजल्या आणि म्हणाले, "बरं हाय. मंग ह्ये वरचं कशाला?" वरचा पाव त्यांनी बाजूला ठेवला आणि खालचा भाजीसकट खाल्ला. मग वरचा पाव चहात बुडवून खाल्ला. माझ्या ग्रिलच्या सगळ्या रेघा त्या चहात विरघळल्या.

तेवढ्यावर थांबले असते, तर मी काही बोलले नसते. पण ते गिऱ्हाइकांची सँडविचं उघडायला लागले! फर्स्ट इयरची पोर बिचारी पहिला घास घ्यायला तोंड उघडते, तोवर शेजारून, "बाळ, दाव बरं तुझं." उचलला पाव! "भाजलं न्हाई नीट. ह्यो आदत हाय अजून." आदत म्हणजे दुधाच्या दातांचं खोंड. हे त्या पोरीला कुठून माहीत असणार? ती माझ्याकडे बघते, मी मामांकडे बघते, मामा बटाट्याकडे बघतात. मी त्यांना सरळ बोलू शकत नाही, मामेसासरे पडले. माझा सगळा राग सुरीवाटे काकडीवर निघायचा. त्या दिवसांत माझ्याइतक्या पातळ चकत्या तालुक्यात कोणी कापल्या नसतील. आणि पोरं तरी कशी! चार दिवसांत त्यांना याचीच गोडी लागली. आपणहून सँडविच पुढे करायची, "बाबा, माझं बघा ना." मामा टोपी मागे सारून दात बघितल्यासारखं बघणार, निकाल देणार. एकाला म्हणाले, "चांगलं जुळलंय, न्हे घरी." जुळलेला म्हणजे सगळे पक्के दात आलेला बैल. त्या पोराने ते खरंच बॅगेत घालून घरी नेलं.

एकदा मात्र मी तोंड सोडलं. शिमग्याच्या आसपासची गोष्ट. म्हटलं, "मामा, झाकलेलं एवढं वाईट, तर पुरणपोळी कशी खाता? तीही बंदच की!"

मला वाटलं, जिंकले.

"ती बंद न्हाई. ती भरलेली हाय," मामा म्हणाले. "कडंपत्तुर पुरण गेलं न्हाई तर पोळी लाटणारीचं नाव निघतं का न्हाई गावात?"

"आणि करंजी?"

"करंजी म्या कानाशी हालवून बघतो. वाजली तर पोकळ. तुझा पाव वाजतो का? न्हाई ना? मंग उघडाया नको?"

पुढे त्यांनी मला भाकरीवर व्याख्यान दिलं. भाकरी तळहातावर, तिच्यावर ठेचा, ठेच्याशेजारी कांदा. खाणाऱ्याला दिसतंय, बांधावरच्या पाहुण्याला दिसतंय, वरून जाणाऱ्या कावळ्यालाही दिसतंय. "उघडं खाणाऱ्याला कुनाचं भ्या न्हाई." आणि दुसऱ्या दिवशी घरून भाकरी बांधून आणून माझ्याच बाकड्यावर, सँडविच सेंटरच्या बोर्डाखाली बसून खाल्ली! एक पोरगी म्हणाली, "वॉव, ओपन सँडविच!" मामा एवढे भडकले, की घास हातातच राहिला. "सँडविच तुझ्या पावाला म्हण, बाय. ह्ये आमी त्या पावाच्या जल्माच्या आधीपास्नं खातोय." बोलले खरे, पण मग त्या पोरीला अर्धी भाकरी तोडून दिली. माझ्या गिऱ्हाइकाला. माझ्या दुकानात. फुकट.

आता मुद्द्याचं सांगते. कॉलेजचं कॅन्टीन नव्याने कोणाला तरी द्यायचं ठरलं. अर्ज दोनच आले, एक नारायणगावच्या एका केटरिंगवाल्याचा आणि एक माझा. कॅन्टीन म्हणजे डोक्यावर स्लॅब, नळाचं पाणी, धुळीपासून सुटका. पण माझा जीव त्यासाठी अडकला नव्हता. मी त्या कॉलेजात तीन वर्षं शिकले तेव्हा कॅन्टीनमध्ये एकदाही बसले नव्हते. भाकरी चटणी घालून मध्ये दुमडायची, कागदात गुंडाळायची आणि लायब्ररीच्या मागच्या जिन्यावर, कोणी येत नाही ना बघत, खायची. मला त्या कॅन्टीनच्या गल्ल्यामागे उभं राहायचं होतं. भावकीतल्या बायकांनी गेटातून आत येऊन मला शोधायला हवं होतं. एवढंच.

चव बघायला प्राचार्य मॅडम आणि मला ज्यांनी अकाउंट शिकवलं ते सर, असे दोघे सेंटरवर येणार होते. मी आदल्या दिवशी मोबाईलवर शहरातल्या दुकानाचा एक व्हिडिओ बघितला. त्यात युक्ती दाखवली होती. सगळ्या चकत्या पावाच्या मधोमध, जिथून सुरी जाणार त्याच रेषेवर रचायच्या. कापलं, की दोन्ही तुकडे तोंड वासून असे भरगच्च दिसतात, की बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. कडेला, कोपऱ्यात काही नाही, नुसता पाव. रोजच्या पोरांना मी कधी असं दिलं नव्हतं. पण त्या दिवशी मला दिसायला हवं होतं. शहरातले करतात, सगळेच करतात, एक दिवस आपण केलं तर काय बिघडलं? असं मी मनाला सांगितलं, आणि मनाने ऐकलं.

मामांचा बंदोबस्त केला होता. नवऱ्याला सांगितलं होतं, त्यांना बेल्ह्याला घेऊन जा, एका ओळखीच्यांना बैल बघायचाय, दुपार टळेपर्यंत आणू नका. पण मामांनी त्या बैलाला दुरूनच नापास केलं. बैल मान खाली घालून उभा होता म्हणे; "लाजतोय म्हंजी दात खोटे." अकराच्या सुमाराला मॅडम आणि सर बाकड्यावर बसलेले, मी प्लेटमध्ये तिकोनी तुकडे डोंगरासारखे रचून पुढे ठेवलेले, सर म्हणतायत, "वा, काय भरलंय!" आणि पलीकडून ती पत्रे काढलेली मोटारसायकल धडधडत आली.

नवरा मागून हातवारे करत होता, 'माझं काही चाललं नाही.' मी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी आजवर राखून ठेवली होती.

"रामराम बाई," मामा मॅडमना म्हणाले. "तुमी खायच्या आधी जरा दावा इकडं."

"मामा, राहू द्या!" मी ओरडले. हात चटणीत होते, मध्ये टेबल होतं. मॅडम हसून म्हणाल्या, "बघू दे की, यांचं मुलांकडून ऐकलंय मी." आणि तुकडा त्यांच्या हातात दिला.

मामा पाठमोरे वळले, उजेडाकडे तोंड करून. वरचा पाव उचलला. ते काय बघतायत ते मॅडमना दिसत नव्हतं, सरांनाही नाही. मला दिसत होतं. कापलेल्या कडेला लाल-हिरवी दाटी आणि तिच्यामागे पांढराफटक पाव. चटणीचं बोटसुद्धा नाही. मामांनी मान तिरकी केली. तोंडातली सुपारी थांबली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. साडूला ज्यांनी सोडलं नाही, ते भाच्याच्या बायकोला काय सोडणार? मी मनात म्हटलं, संपलं. आता आवाज निघणार, गेटातल्या पोरांपर्यंत जाणार.

मामांनी वरचा पाव हळूच परत जागेवर ठेवला. तळहाताने दाबला. वळले, आणि तुकडा मॅडमच्या प्लेटमध्ये ठेवत म्हणाले, "भरलेलं हाय. खावा, बाई."

आवाज इतका बारीक, की मला वाटलं दुसरंच कोणी बोललं. मग ते बाकड्याच्या टोकाला जाऊन बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मामांचं डोकं मी लग्नानंतर पहिल्यांदा बघत होते. एवढे पांढरे, एवढे विरळ केस.

आणि मला जो संताप आला! कोणाचा, ते मला अजून नीट सांगता येत नाही. पण त्या घटकेला मामांचाच आला. जन्मभर ज्याने दुसऱ्याचं झाकण राहू दिलं नाही, त्याने माझंच का ठेवावं? मी काय त्यांना एवढी कच्ची वाटले? मॅडमनी तुकडा तोंडाजवळ नेला होता. मी टेबलाला वळसा घालून गेले आणि प्लेटच उचलली.

"मॅडम, ते खाऊ नका. कडेला रिकामं आहे. दिसायला म्हणून मी मध्येच रचलंय."

सर म्हणाले, "अगं, चालतं तेवढं, सगळीकडे असंच—"

"नाही चालत, सर. पाच मिनिटं बसा."

सगळे तुकडे बाजूला केले. नवे पाव भाजले, एकेकच. वर चटणी या कडेपासून त्या कडेपर्यंत, त्यावर बटाटा, काकडी, टोमॅटो, कांदा, बीट. वरचा पाव ठेवलाच नाही. मामा कधी उठून शेजारी आले कळलं नाही. "कांदा मी चिरतो," म्हणाले. त्यांनी चिरलेल्या कांद्याची एक फोड भाकरीबरोबर खायची, एक बैलाला घालायची, एवढाली. मी तशीच लावली. दोघांच्याही डोळ्यांना पाणी होतं, आणि कांद्याची सोय होती म्हणून बरं.

मॅडमनी दोन खाल्ली. "पोरी, चव फार छान आहे," म्हणाल्या. सरांनी चावा घेतला, तशी बिटाची चकती घसरली आणि त्यांच्या पांढऱ्या शर्टावर खिशाजवळ जाऊन चिकटली. ते हसले, आम्ही हसलो. पण बीट ते बीट. आठवड्याने पत्र आलं. 'सदर पदार्थ चवीस उत्तम असला तरी विद्यार्थ्यांना हाताळण्यास गैरसोयीचा असल्याने' वगैरे वगैरे. कॅन्टीन केटरिंगवाल्याला मिळालं. पत्र वाचून मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. नवऱ्याने ऐकलं आहे, पुरे. गैरसोयीचा म्हणे! अरे, मी आठ वर्षं बंदच विकतेय, हे गेटावरच्या वॉचमनला माहीत आहे! एक दिवस उघडं केलं, ते का केलं, हे विचारावंसं कोणाला वाटलं नाही. भावकीतल्या बायका येऊन गेल्या, "झालं का गं तुझं कॅन्टीन?" मी म्हटलं, "नाही झालं. सँडविच खाणार?" त्यांनी चारचार खाल्ली.

सेंटर चालू आहे. आताही बंदच विकते, एसटी काही कोणासाठी थांबत नाही. फरक एवढाच, की चारी कोपऱ्यांत बोट घालून बघितल्याशिवाय मी वरचा पाव ठेवत नाही.

आणि आता जो खरा राग आहे तो सांगते. मामा त्या दिवसापासून माझ्याकडे सँडविच उघडत नाहीत. पोरांनी पुढे केलं, तरी, "खा बाळा, चांगलंच असंल." येतात, बाकड्यावर बसतात, दिलं की दोन्ही हातांत धरून, बंदच्या बंद, परक्या गावच्या पाहुण्यासारखं गुमान खातात. मोटारसायकलीचे पत्रे नाहीतच, घरी डबे उघडेच; वैर बाकी जगाशी चालू आहे. फक्त माझ्याशी नाही. एकदा न राहवून विचारलं, "मामा, उघडून बघत का नाही?"

त्यांनी तोंडातला घास आधी संपवला. मग म्हणाले, "उघडलं की बोलावं लागतं, सूनबाई. आन म्या त्या दिशी जे बोललो, त्ये मला अजून पचलं न्हाई."

म्हणून आता मीच भांडण उकरून काढते. ते आले की कडेपर्यंत भरते, आणि टोमॅटोची एक चकती कोपऱ्यातून मुद्दाम बाहेर डोकावेल अशी ठेवते. बघा, म्हणावं, इथवर आहे. निदान वाकडी मान करून काहीतरी बोला. मामा प्लेट जवळ ओढतात, त्या चकतीकडे क्षणभर बघतात, बोटाने तिला हळूच आत ढकलतात, आणि खायला लागतात.